भिंतींना तोंडही असतं

गोकुळाष्टमी जवळ आली की मुंबईत आवाजावरची भांडणं सुरू होतात आणि अनंत चतुर्दशी उलटली की पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जातात. वाहिन्यांवर तीच माणसं, तेच सवाल. पहाटेचा भोंगा चालतो, मग रात्रीचा डीजे का नाही? आमचाच सण आला की तुमचं डेसिबलचं यंत्र बरं बाहेर निघतं? हे काही आजचं नाही. मशिदीवरून मिरवणूक जाताना वाद्यं वाजवायची की नाही, यावरून मुंबई इलाख्यात १८९०च्या दशकातच डोकी फुटली होती. २०२२च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कच्या सभेत राज ठाकरे यांनी मशिदींच्या भोंग्यांसमोर हनुमान चालिसा लावण्याची भाषा केली आणि जुन्या भांडणाला नवं इंधन मिळालं. जानेवारी २०२५मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरातल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. निकाल योग्यच होता. पण त्यानंतरही चर्चा घुटमळते आहे ती भोंगा कुणाचा, याच खुंट्याभोवती.

माझं म्हणणं असं, की हा वाद अर्ध्याच प्रश्नावर चालला आहे. आवाज किती सोडला हे आपण मोजतो. तो आदळून किती परत येतो आणि किती वेळ घुमत राहतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आणि त्याचा फटका बसतो तो ज्याला शब्द कळायला हवा त्याला: वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला, बाह्यरुग्ण विभागात नाव पुकारलं जाण्याची वाट बघणाऱ्या म्हातारीला, फलाट बदलल्याची घोषणा ऐकणाऱ्या प्रवाशाला. शाळा, रुग्णालय, स्थानक, न्यायालय, म्हणजे जिथं शब्द कळल्याशिवाय काम होत नाही अशा प्रत्येक सार्वजनिक इमारतीत आवाज किती वेळ घुमावा याला कायद्याने मर्यादा हवी, आणि ती मोजून झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळता कामा नये.

एको काही मुंबईकराला नवा नाही. माथेरानला एको पॉइंटवर उभं राहून आपलंच नाव ओरडून झालेलं असतं. फोनवर ‘अरे, तुझा आवाज एको होतोय’ हे तर रोजचंच. वय वाढलं, छातीत जरा धडधडलं की डॉक्टर टूडी एको काढायला पाठवतात. तिथे परत फिरलेल्या ध्वनिलहरींवरूनच हृदयाची झडप कशी उघडमीट करते ते पडद्यावर दिसतं. मंडपात सूत्रसंचालक साउंडवाल्याला ‘माईकला थोडा एको दे’ म्हणून खुणावतो, कारण एको दिला की कुणाचाही आवाज पुढाऱ्यासारखा भारदस्त वाटतो. विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर त्याच माईकवरून हरवलेल्या पोराची वर्दी दिली जाते: ‘निळा शर्ट... शर्ट... वय वर्षं पाच... पाच...’ आणि त्या भारदस्तपणातून आई आपल्या मुलाचं नाव वेचत बसते.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिध्वनीचा धडा असतो. मूळ आवाजानंतर ०.१ सेकंदाने परतला तरच तो वेगळा ऐकू येतो, म्हणून आवाज परतवणारी भिंत किमान १७.२ मीटर दूर हवी, हे गणित परीक्षेपुरतं सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. खरा त्रास मात्र त्या १७ मीटरच्या आतला आहे. तिथून परतणारा आवाज वेगळा ऐकू येत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो आणि त्याला पुसट करून टाकतो. चार भिंती, छत, फरशी, सगळीकडून शेकडो वेळा आदळून आलेली आधीच्या अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते. स्वर दणकट असतात, ते तगतात. व्यंजनं बारीक आणि क्षणिक, ती आधी बुडतात. आवाज भरपूर ऐकू येतो आणि शब्द कळत नाही, ही मुंबईची रोजची तक्रार इथून निघते.

एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांसमोर आणा. खाली गुळगुळीत फरशी, कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, वर ऑइलपेंट, त्यावर उंच छत. बाकं स्टीलची. शे-दीडशे माणसं हळू आवाजातच बोलताहेत, पण सगळं मिळून एक अखंड गुंजारव झालेला. खिडकीतून कर्मचारी नाव पुकारतो. सावंत की सामंत? दोघं उठतात. मागे बसलेल्या तिसऱ्याला कदम ऐकू आलेलं असतं, तोही उठतो. कर्मचारी वैतागतो, पुन्हा ओरडतो, तर दुसऱ्यांदा ओरडलेलं पहिल्यापेक्षा कमी कळतं, कारण पहिलं अजून छताखाली फिरतंच आहे. मग सगळे खिडकीपाशी गर्दी करतात आणि ‘लाइन लावा’ म्हणून खेकसून घेतात. इथे भोंगा नाही, डीजे नाही, कोणत्याही धर्माचा सण नाही. डेसिबल मोजणारा पोलीस इथे येऊन कुणावर खटला भरणार?

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की हे सांगून तुम्ही गुन्हेगाराला पळवाट देता. आवाजच नसता तर भिंती काय परतवणार होत्या? उद्या डीजेवाला न्यायालयात म्हणेल, माझा दोष नाही, समोरच्या टॉवरचा आहे. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आवाजाबद्दल सविस्तर निकाल दिला. एवढं असून मिरवणुकीत काय चालतं ते सगळे जाणतात. तेव्हा डॉल्बीच्या भिंती उभ्या करणाऱ्यावर कारवाई व्हावी, आणि ती सगळ्यांवर सारखी व्हावी, यात शंका नाही. पण उगमावर बोट ठेवलं की प्रश्न संपतो, हे मला मान्य नाही. कारण घुमणं स्वतःच आवाज जन्माला घालतं. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११मध्ये दाखवून दिलं, की भोवती गलका असला की माणूस नकळत आवाज चढवतो. घुमणाऱ्या खोलीत एकाने चढवला की दुसऱ्याला चढवावा लागतो, मग पहिल्याला आणखी. काचेच्या आणि ग्रॅनाइटच्या कुठल्याही नव्या उपाहारगृहात रविवारी संध्याकाळी जाऊन बसा. कुणी भांडत नाही, तरी सगळे ओरडताहेत. तिथला उगम कुठे शोधणार?

रस्त्यावरही तेच. मुंबई पोलिसांनी २०२०च्या सुरुवातीला सिग्नलला डेसिबल मोजणारं यंत्र जोडलं होतं. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. कल्पना झकास होती आणि तिचं जगभर कौतुक झालं. पण तोच हॉर्न मोकळ्या मैदानात वाजवणं वेगळं आणि फ्लायओव्हरच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंना काचेचे दर्शनी भाग असताना वाजवणं वेगळं. परतलेला आवाज मूळ आवाजाइतकाच सक्षम असला तर तीन डेसिबलची भर पडते, आणि समोरासमोर उभ्या दोन कठीण भिंतींमध्ये परतणं एकदाच होत नाही. फ्लायओव्हरच्या कठड्याला ध्वनिरोधक म्हणून नुसता कडक पत्रा ठोकला तर एका बाजूच्या घरांना आराम आणि तोच आवाज पलीकडच्या बाजूला पोचता. दंड चालकाला जरूर करा. पण तो रस्ता ज्यांनी आखला आणि ज्यांनी मंजूर केला त्यांना एक प्रश्नही विचारायचा नाही?

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो जवळचा वाटतो. घुमणं म्हणजे काही रोग नव्हे. लालबागच्या अरुंद रस्त्यात ढोल-ताशा पथक शिरतं तेव्हा अंगावर काटा येतो तो निम्मा त्या इमारतींमुळेच. गाभाऱ्यातल्या घंटेचा नाद कान पुरवून पुरवून ऐकतात. कान्हेरीच्या चैत्यगृहात कुणी संथ सूर लावला तर तो दगडातून उमलत येतो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज पलीकडच्या टोकाला पोचते आणि टाळी पुन्हा पुन्हा परत येते, म्हणून तर लोक एसटी करून जातात. हे सगळं सपाट करून शहराच्या कानात कापूस कोंबायचा आहे का? मुळीच नाही. पण नीट बघा: चैत्यगृहात संथ लयीतलं पठण व्हायचं, सूर लांबवून, घुमण्याला सोबत घेऊन. गोलघुमट ही कबर आहे. १७व्या शतकात तो बांधणाऱ्यांनी तिथे चौथीचा वर्ग भरवला नव्हता. घंटेला लांब शेपूट शोभते, पाढ्यांना आणि औषधाच्या डोसाला शोभत नाही. कुठली जागा कशासाठी, हा विवेक आपल्याकडे होता.

होता असं म्हणताना मी उगाच प्राचीन गौरव गात नाही. नाट्यशास्त्रात नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, झरोके लहान असावेत, वारा आत शिरू नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असं सांगितलं आहे. आणि त्याच ग्रंथात बजावलं आहे, की मंडप फार मोठा केलात तर उच्चारलेलं पाठ्य बेसूर होऊन जाईल. म्हणून माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद एवढाच पुरे. म्हणजे नाटक बसवायच्या आधी इमारतीचा आवाज ठरवायचा, ही अक्कल जुनीच. याला गणित मिळालं ते १८९५नंतर. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवलं गेलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, घड्याळ लावून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायचा. त्यातून त्याला सूत्र सापडलं: खोलीच्या घनमीटरमधल्या घनफळाला ०.१६१ने गुणा आणि खोलीतले सगळे पृष्ठभाग आणि वस्तू मिळून जेवढा आवाज पितात त्याने भागा. घुमण्याचे सेकंद मिळतात. त्याच हिशेबावर १९००मध्ये बॉस्टनचं सिंफनी हॉल उभं राहिलं. आपल्याकडे नरिमन पॉइंटला १९८०मध्ये टाटा थिएटर बांधताना सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाला बोलावलं होतं, आणि तिथे मागच्या रांगेतही तानपुरा कळतो. म्हणजे मुंबईला हे जमत नाही अशातला भाग नाही. गाण्याच्या तिकिटासाठी जमतं, महापालिकेच्या वर्गासाठी सुचत नाही, एवढंच.

तेच सूत्र वर्गाला लावून बघू. आठ मीटर लांब, सहा रुंद, साडेतीन उंच अशी खोली धरा. प्लास्टर, फरशी, काँक्रीटचं छत, खिडक्या बंद. अशा कठीण पृष्ठभागाने साधारण तीन टक्के आवाज प्यायला असं मानलं, तर रिकाम्या वर्गात घुमण्याचा काळ साडेचार सेकंदांच्या आसपास येतो. ४० मुलं बसवली की त्यांची अंगं आणि गणवेश आवाज पितात, तरी तो सव्वा सेकंदाच्या वरच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये वर्गासाठी सुचवलेला आकडा ०.६ सेकंद आहे. म्हणजे दुपटीहून जास्त. बाई ओरडून शिकवतात, पोरं ओरडून उत्तरं देतात, आणि वर्षाअखेरीस बाईंचा घसा बसतो. घरी मराठी न बोलणारं मूल मराठी शाळेत आलं असेल तर त्याची अवस्था आणखी बिकट. आपल्याला अर्धा शब्द ऐकून उरलेला अंदाजाने भरता येतो, त्याच्याकडे अंदाजाचा साठाच नसतो. गंमत अशी, की याच शाळेच्या फाटकावर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी असते. शंभर मीटरपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही, दिवसा ५० डेसिबलच्या आत राहायचं. आतल्या खोलीने काय करावं याबद्दल ते नियम मूग गिळून बसतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो करणाऱ्यांना मुंबईची हवा ठाऊक असते. आवाज पिणारं सामान म्हणजे फोम, कापड, गालिचे. पावसाळ्यात त्याला बुरशी येणार, आत झुरळं आणि उंदीर होणार, आणि आग लागली तर? ही भीती पोकळ नाही. अमेरिकेत २००३मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबात आवाज अडवण्यासाठी भिंतीला लावलेल्या फोमनेच पेट घेतला आणि शंभर माणसं गेली. ब्राझीलमध्ये २०१३ साली तेच झालं, २४२ मृत्यू. शाळेच्या भिंतीला फोम चिकटवा असं जो सांगेल त्याला दारातूनच परत पाठवावं. पण पर्याय काय फक्त फोमचाच आहे? सिमेंटमध्ये लाकडाचे तंतू घालून बनवलेल्या फळ्या सहजासहजी पेट घेत नाहीत, दमट हवेत टिकतात आणि आवाज पितात. सच्छिद्र विटांची, मागे पोकळी सोडलेली भिंत गवंड्याला अवघड नाही. वर सांगितलेल्या वर्गाचं जवळजवळ सगळं छत तसल्या फळ्यांनी झाकलं तर त्याच ४० मुलांसह घुमण्याचा काळ ०.६पर्यंत येतो. त्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही.

शिवाय सगळ्यात चांगला आवाज पिणारा फुकटात मिळतो: उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परतच येत नाही. सॅबाइनने आवाज पिण्याचं माप उघड्या खिडकीवरूनच ठरवलं होतं. पण मुंबईत खिडकी उघडली की रस्ता आत येतो. बंद ठेवली की वर्ग घुमतो, उघडली की हॉर्न आणि कुणाच्या तरी उद्घाटनाचा स्पीकर. म्हणून उगम आणि घुमणं हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत असं मी म्हणतो. बाहेरचा आवाज आटोक्यात आला तर शाळेला खिडक्या उघडता येतील. आणि खिडक्या उघडता येत नाहीत तोवर छताला काम करावं लागेल. डीजेविरोधकांनी हा मुद्दा खरं तर माझ्याआधी मांडायला हवा होता.

राहिला शेवटचा आक्षेप: ज्या शहरात जवळजवळ निम्मी माणसं झोपडपट्टीत राहतात तिथे हे चोचले कशाला? आधी घर द्या, पाणी द्या, मग छताच्या फळ्या. याचं उत्तर मुंबईनेच एकदा दिलेलं आहे. १८९६च्या प्लेगपूर्वी दोन इमारतींमध्ये किती जागा सोडावी हा बराचसा मालकाच्या मर्जीचा मामला होता. खोलीत उजेड येतो का, हे विचारणं शहाणपणाचं लक्षण मानलं जात नसे. मग मांडवीतून प्लेग पसरला, माणसं शहर सोडून पळाली, १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने ६३.५ अंशांचा नियम आणला: समोरची इमारत एवढ्या कोनापेक्षा उंच जाऊन खोलीचा उजेड अडवता कामा नये. तेव्हाही घरमालकांनी कुरकुर केलीच असणार, की जागा वाया जाते, भाडी बुडतात. ट्रस्टने गरिबांना जागेवरून हुसकलं हा दोष त्याच्या माथी आहेच, तो मी झाकत नाही. पण उजेड आणि हवा ही श्रीमंतांची चैन नसून आरोग्याची गरज आहे, हे तेव्हा कायद्यात आलं. आज पुनर्विकासात दोन इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहताना आपण तोही धडा विसरत चाललो आहोत. मधल्या उभ्या घळीत उजेड खालपर्यंत उतरत नाही, पण खाली वाजलेला भांड्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत बिनचूक चढतो. चोचले म्हणायचे तर ते बड्या सोसायटीतल्या जाड काचांना आणि वातानुकूलन यंत्रांना म्हणा. ज्याला खिडकी बंद करून यंत्र लावता येतं त्याने आपला प्रश्न कधीच सोडवला आहे. घुमणाऱ्या खोलीत अडकतो तो ज्याच्या मुलाला महापालिकेची शाळा आहे आणि ज्याच्या आईला सरकारी रुग्णालय.

नियम पहिल्यापासून लिहायचीही गरज नाही. २०१६च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनिनियोजनावर स्वतंत्र विभाग आहे. सभागृहांच्या ध्वनिरचनेबद्दल भारतीय मानक १९६०च्या दशकापासून आहे. पण संहिता ही शिफारस. तिला दात येतात ते स्थानिक नियमावलीत उतरली तर. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत जिन्याची रुंदी, गाड्यांची जागा, पावसाचं पाणी साठवायची टाकी, सगळ्याची मापं आहेत. त्यात शाळा आणि रुग्णालयांसाठी घुमण्याच्या सेकंदांचा आकडा घालायला कुणाच्या धार्मिक भावना दुखावणार आहेत?

सुरुवात पालिकेने स्वतःच्या शाळांपासून करावी. जागा तिची, निविदा तिची, प्रमाणपत्र देणारं खातंही तिचंच. निविदेत टाइल्सची जाडी, रंगाचे हात, पंख्यांची संख्या लिहिलेली असतेच. त्यात एक ओळ वाढवायची: रिकाम्या वर्गात, खिडक्या बंद असताना, घुमण्याचा काळ एका सेकंदाच्या आत. मोजणी अवघड नाही. वर्गाच्या मधोमध एक फुगा फोडायचा, आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि तो विरायला किती वेळ लागला ते संगणकावर बघायचं. कंत्राटदाराचं शेवटचं बिल त्यानंतर काढावं.